वाल्मिकच्या नावाची मूठ

आमच्या घरात पुरुष दोनच. माझे मालक भटू आणि त्यांचा धाकटा भाऊ वाल्मिक. म्हणून कानबाईच्या रोटाचे गहू मोजताना माझा हात सुपात दोनदाच जातो. ज्यांना आमच्या खान्देशातलं ठाऊक नाही त्यांना सांगते. श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आम्ही आमची देवी कानबाई बसवतो. तिच्या रोटासाठी घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ गहू बाजूला काढायचे. त्या गव्हाचे रोट फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे, उंबऱ्याबाहेर न्यायचे नाहीत. सुरतला येऊन वीस वर्षं झाली, डिंडोलीत तीन खोल्या बदलल्या, पण हे सोडलं नाही.

माझी धनश्री कॉलेजात जाते. ती दरवर्षी चिडवते, "मम्मी, मारी मूठ क्यां छे?" घरात अर्धी गुजरातीच बोलते ती. मी म्हणते, "बायकांची मूठ नसते बाई. बायका मोजणाऱ्या."

मोजणारीलाच मोजता आलं नाही, ते सांगायला बसलेय.

मी लग्न होऊन आले तेव्हा वाल्मिक सात वर्षांचा होता आणि सासू नुकतीच गेलेली. नाक गळत असायचं त्याचं सदा. माझ्या हळदीच्या हातानेच पहिलं नाक पुसलं त्याचं. त्यानंतर तो माझ्याच पदराला. वहिनी म्हणायचा, पण आईला मागतात तशा सगळ्या गोष्टी मागायचा. शाळेत गोडी नव्हती. अठराव्या वर्षी ह्यांनी त्याला उधन्याला लूमवर लावला. लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. बारा तासांची पाळी, एका माणसाकडे दहा-बारा लूम, आणि आवाज असा की शेजारचा ओरडला तरी ओठांवरून समजून घ्यावं लागतं. तिथे हा पोरगा तुटलेला धागा कानाने ओळखायचा! खात्यातला मास्तर सांगायचा, बाकीच्यांना दिसल्यावर कळतं, वाल्मिकला आधी ऐकू येतं.

आणि मस्करी तर विचारू नका. घरी आला की खात्यातल्या शेठच्या चालीची नक्कल, शेजारच्या छायाबाईच्या बोलण्याची नक्कल, माझीसुद्धा. कमरेवर हात ठेवून, "जेवी ले रे, नहीतं मार खाशी!" मी लाटणं घेऊन मागे धावायची. कानबाईच्या मिरवणुकीत गल्लीतून पुढे नाचणारा वाल्मिकच. दोन तास नाचायचा, मग तापीकाठी बसून माझ्याकडे पाणी मागायचा.

हे हसणं कधी कमी झालं ते मला सांगता येत नाही. लोक विचारतात, काय झालं होतं? पोरगी होती का? एक स्थळ आलं होतं चाळीसगावचं, त्यांनी लूमवाला नको म्हटलं. पण तेवढ्याने माणूस आतून विझतो का? मला नाही वाटत. एक दिवस लक्षात आलं की महिनाभरात त्याने कुणाची नक्कल केलेली नाही. ताटात अर्धी भाकर राहायची. सुट्टीच्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी विचारायची, "काय व्हयनं रे?" तो म्हणायचा, "काही नही. बरं शे." आमच्या अहिराणीत आहेला शे म्हणतात. बरं शे, बरं शे. वर्षभर हेच ऐकलं मी, आणि खरं मानलं.

मग एकदा धुण्याला त्याचा शर्ट घेतला तर वास आला. उग्र, जळक्या पाल्यासारखा. मला दारूच वाटली. माझा बाप दारूत गेला. गावात, भर बाजारच्या दिवशी, गटारीच्या कडेला. मी तेरा वर्षांची होते, मीच ओळखला त्याला, पायातल्या वहाणेवरून. तेव्हापासून दारूचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणून मी इथे खुशीने आले, आणि इथे येऊन पाहिलं तर काय, ज्याला प्यायची तो पितोच.

शर्ट घेऊन मी त्याच्यासमोर उभी राहिले. "दारू पितोस?"

"नाही वहिनी. दारू नाही."

"मग काय हे?"

खाली बघत म्हणाला, "गांजा. खात्यात पितात सगळे. त्यानं जरा बरं वाटतं."

आणि मी, अक्कलशून्य बाई, मी सुटकेचा श्वास टाकला! हसले सुद्धा. म्हटलं, "एवढंच ना? मला वाटलं दारू. महादेवाचा प्रसाद तो, साधू पितात. दारूला मात्र शिवू नको." आणि त्याला गरम भाकर वाढली. तोंडात मारायला हवी होती माझ्या. त्याने त्या दिवशी मला खरं सांगितलं होतं, की बरं वाटत नाही, बरं वाटायला काहीतरी लागतं. मी त्यातला फक्त गांजा ऐकला आणि तोही चांगला ठरवला.

दोन वर्षं गेली. बाहेरून बघणाऱ्याला वाल्मिक गुणाचा होता. भांडण नाही, आरडाओरडा नाही, मारहाण नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "मंगलाबाई, तुमचा दीर म्हणजे गाय आहे गाय." आमच्याकडे बाईच्या नशिबात दारुड्या नसला की ती देवाचे आभार मानते. मीही मानत होते. त्याच्या डोळ्यांत काही उरलं नव्हतं ते कोण बघतंय? सकाळी उठला की ओढायचा, पाळीवर ओढायचा, घरी येऊन गच्चीवर ओढायचा. आधी बरं वाटावं म्हणून, मग वाईट वाटू नये म्हणून, शेवटी कशासाठी ते त्यालाही माहीत नसावं. तुटलेला धागा त्याला ऐकू येईना. कापडाचे ताकेच्या ताके खराब झाले, मास्तरने निम्मे लूम काढून घेतले. घरी येऊन म्हणाला, "मी कामाचा नाही उरलो, वहिनी." मी म्हटलं, "झोप काढ, सगळं ठीक होईल."

तेव्हा ह्यांचं डोकं तापलं. ह्यांना रागाशिवाय दुसरं औषध माहीत नाही. गावी फोन झाले, भाऊबंद जमले, आणि ठरलं की वाल्मिकला शपथ घालायची. साधीसुधी नाही, कानबाईची. आणि ती घालायची कोणी? जिने वाढवलं तिने. म्हणजे मी.

त्या वर्षी कानबाई बसली होती. नारळाला डोळे, नथ, मंगळसूत्र, सगळा साज. मी वाल्मिकचा हात धरून देवीसमोर नेला. थंड होता हात. म्हटलं, "तुला कानबाईची शपथ आहे. गांजाला हात लावलास तर ह्या घराचं वाटोळं होईल." सगळ्यांसमोर म्हटलं. भाऊबंदांनी मान डोलावली. वाल्मिक एवढंच म्हणाला, "बरं."

अकरा दिवस पाळली त्याने. मी बोटांवर मोजत होते. त्या अकरा दिवसांत तो झोपला नाही. घामाने गादी ओली, हात थरथर, धनश्रीने रेडिओ लावला तर अंगावर धावून गेला आणि मग स्वतःच कोपऱ्यात बसून रडला. सत्तावीस वर्षांचा पुरुष, हमसून हमसून. आम्ही म्हणायचो, विष उतरतंय, उतरू दे. कुणाला डॉक्टरचं नाव सुचलं नाही. सुचलं असतं तर लोक काय म्हणतील तेही लगेच सुचलं असतं.

बाराव्या दिवशी शपथ मोडली. मला वासाने कळलं. मी तोंड फिरवलं. ते तोंड फिरवणं त्याने पाहिलं.

त्यानंतर वाल्मिक देवाच्या कोनाड्यासमोरून जाईना. मधल्या खोलीत यायचं तर भिंतीला धरून, लांबून. ताट घेऊन बाहेर जिन्यावर बसायचा. त्याच हिवाळ्यात ह्यांचा पाय लूमच्या पट्ट्याजवळ घसरला, हाड मोडलं. मग धनश्रीला कावीळ झाली. कुणी काही म्हटलं नाही. कुणी म्हणायची गरजच नव्हती. मी त्याच्या चेहऱ्यावर वाचू शकत होते की तो हिशोब जुळवतोय: शपथ मी मोडली, वाटोळं ह्यांचं. आणि खोटं कशाला बोलू, एक-दोनदा माझ्याही मनात आलं. मी ते बोलले नाही, पण मनात आलं. त्या पापाला मी कुठे धुऊ?

पुढचा श्रावण आला. शुक्रवारची दुपार होती. मी ओट्यावर सूप घेऊन बसले, गहू निवडून झाले होते. ह्यांच्या नावाची सव्वा मूठ काढली. दुसरीसाठी हात घातला तर वाल्मिक दारात येऊन उभा. दाढी वाढलेली, पण त्या दिवशी अंघोळ केलेली, धुतलेला शर्ट घातलेला. मला वाटलं, चला, सणाचं मनावर घेतलं पोराने.

तो म्हणाला, "वहिनी, यंदा मन्हा नावनी मूठ नका टाकू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सणासुदीला हे बोलणं! "जीभ झडेल तुझी," मी म्हटलं, "अभद्र बोलतोस? जित्या माणसाची मूठ कुणी वगळतं का?" आणि रागारागाने चांगली भरून मूठ घेतली, वर पाव, आणि त्याच्या देखत गव्हात टाकली. "घे. टाकली. बोल आता."

तो हसला. किती तरी महिन्यांनी हसला. "बरं," म्हणाला आणि आत गेला. जाताना माझ्या पायाला हात लावून गेला. मी त्यालाही सण समजले.

गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन मी चक्कीवर गेले. रोटाच्या दिवसांत आमच्या गल्लीतला चक्कीवाला चक्की धुऊन घेतो, दुसरं दळण घेत नाही. बायकांची रांग होती. छायाबाई पुढे होती. सहज बोलायचं म्हणून तिने विचारलं, "तुमच्याकडे किती नावं?"

"दोन," मी म्हटलं.

आणि माझी जीभ तिथेच अडखळली. दोन. तो म्हणत होता एक. शपथ मोडली म्हणून रोट नको म्हणत असता तर म्हणाला असता, मी खाणार नाही. तो तसं म्हणालाच नव्हता. तो म्हणाला होता माझं नाव घेऊ नका. सकाळी त्याने धनश्रीला स्वतःचा हेडफोन दिला होता, ठेव म्हणून. धुतलेला शर्ट. पायाला हात. हसणं. अगं माय, हा पोरगा घरातून स्वतःला वजा करून बसलाय!

डबा तिथेच टाकला. रोटाचे गहू जमिनीवर टेकवत नाहीत, मी भुईवर टाकून पळाले. चप्पल राहिली. छायाबाई मागून ओरडत होती, मला ऐकू येत नव्हतं. तीन गल्ल्या. एवढ्या लांब कधी वाटल्या नव्हत्या.

आतल्या खोलीला आतून कडी. मी दार बडवलं. "वाल्मिक! अरे वाल्मिक!" आतून काही नाही. ह्यांच्या नावाने ओरडले, ते कामावर. धनश्री कॉलेजात. दार लोखंडी, माझ्याने काय तुटणार? आणि मग मला ती शपथ आठवली. लहानपणी आम्ही पोरं एकमेकांना शपथा घालायचो, तेव्हा नियम होता: ज्याने घातली त्यानेच सुटली म्हणायचं, मगच सुटते. मी दाराला तोंड लावून ओरडले, "सुटली रे! शपथ सुटली! मी घातली होती, मीच सोडते. सुटली, सुटली, सुटली! वाटोळं व्हायचं तर माझं होऊ दे. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. पाय घसरला तो तेलावरून घसरला! ऐकतोस ना? कडी काढ माझ्या राजा, सुटली!"

किती वेळ ओरडत होते माहीत नाही. गल्ली गोळा झाली. मग कडी वाजली.

आत काय मांडलं होतं ते मी सांगणार नाही, विचारूही नका. तो जिवंत होता. मी त्याला बाहेर ओढला, उंबऱ्यावर बसवला आणि विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा सरळ विचारलं, "मरणार होतास?"

त्याने मान डोलावली. "झोपायचं होतं, वहिनी. फार थकलो."

रिक्षात मी त्याचा दंड धरून बसले होते. सरकारी दवाखान्यात मानसिक विभागाची डॉक्टरीण भेटली, गुजराती, माझ्या धनश्रीहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. ह्यांनी धापा टाकत येऊन पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? "मॅडम, पण हा दारू पीत नाही हो."

ती म्हणाली, "काका, हा आजारी आहे. मन आजारी पडलं, त्यावर ह्याने स्वतःच औषध शोधलं, आणि त्या औषधाने आजार आणखी वाढवला. कोणतं आधी झालं ते मीही छातीठोक सांगू शकत नाही. पण दोन्ही एकत्र असले की मरणाचे विचार जास्त येतात, एवढं आम्ही रोज बघतो. आणि एकदम सोडायला लावलं तेव्हा ह्याच्याजवळ कोण होतं?"

"आम्ही सगळे होतो," मी म्हटलं.

"जवळ होतात की समोर?"

मग तिने मला एक गोष्ट शिकवली. म्हणाली, मरायचं मनात येतं का हे विचारायला घाबरू नका. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. ती आधीच शिरलेली असते, विचारल्यावर बाहेर यायला दार मिळतं. रोज विचारा. रडू नका, ओरडू नका, शपथा तर अजिबात नको. फक्त विचारा आणि ऐका.

गव्हाचा डबा छायाबाईने दळून घरी पोचवला होता. मी रोट केले. वाल्मिक वॉर्डात होता. रोट उंबऱ्याबाहेर नेत नाहीत, मी फडक्यात बांधून नेला. भाऊबंदांनी गावाहून फोन करून मला काय काय ऐकवलं! मी म्हटलं, त्याच्या नावाची मूठ आहे त्यात, ती कोण खाणार, तुम्ही? फोन ठेवून दिला. चार घास खाल्ले त्याने, पाचवा खाली ठेवला.

त्याला वर्ष झालं. तुम्हाला वाटेल आता सगळं छान झालं. नाही झालं. गोळ्यांनी हात थरथरतो. लूमवर परत कुणी घेतलं नाही, आता साड्यांच्या घड्या घालायला जातो, बैठं काम, आवाज नाही. गांजा दोनदा पुन्हा ओढला. दोन्ही वेळा स्वतः येऊन सांगितलं, मी तोंड फिरवलं नाही, डॉक्टरणीकडे घेऊन गेले. नक्कल अजून कुणाची केली नाही. गल्लीतली पोरं त्याला गंजेडी म्हणतात. परवा एकाच्या कानाखाली आवाज काढला मी, त्याची आई भांडायला आली, तिलाही ऐकवलं. त्याच बाईचा थोरला मुलगा गच्चीवर काय ओढतो ते मला ठाऊक आहे. ती म्हणते, दारू तरी नाही ना. मी तिच्या घरी जाऊन बसणार आहे एक दिवस. ऐकेल का, देव जाणे.

रोज सकाळी चहा देताना मी विचारते, "आज?" एवढंच. तो कधी म्हणतो, नाही. कधी म्हणतो, थोडं. मेमध्ये एकदा म्हणाला, फार. त्या दिवशी मी घराबाहेर पडले नाही, त्यालाही कामावर जाऊ दिलं नाही, दोघं दिवसभर डाळ निवडत बसलो. निवडलेली डाळ पुन्हा निवडली.

काल पुन्हा रोटाचे गहू घेतले. सूप घेऊन ओट्यावर बसले. ह्यांची मूठ काढली. दुसरीसाठी हात पुढे केला आणि माझा हातच चालेना. वाल्मिक आत घडी केलेले कपडे ठेवत होता. मी हाक मारली. आला, समोर उकिडवा बसला.

म्हटलं, "तुझी तू टाक."

"बायका मोजतात, वहिनी."

"मी एकदा चुकले मोजायला. तू टाक."

त्याने सूप जवळ ओढलं. मग हात घातला. चार-पाच दाणे बोटांतून सांडले. मूठ भरली, वर पाव घेतला आणि ह्यांच्या गव्हांत मिसळला. सांडलेले दाणे एकेक करून वेचले, तेही टाकले.

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुढल्या वरीसनं इचारू नका."

"नाही विचारत," मी म्हटलं. "आजचं सांग."

त्याने हात शर्टाला पुसले.

"आज शे," म्हणाला.